मासळीची पिकअप आणि येणारी-जाणारी पॉवर: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी रत्नागिरीची. लहान डिझेल पिकअप, चार वर्षांची. काम ठरलेलं: मिरकरवाडा जेटीवरून बर्फातली मासळी भरायची, हातखंबा, पाली, साखरपा करत आंबा घाट चढायचा, उजाडायच्या आत कोल्हापूर गाठायचं आणि रिकामे क्रेट घेऊन परत फिरायचं. मालक आणि चालक वेगळे. दोघांची ओळख इथे दिलेली नाही. गाडीच्या कंपनीचं नावही गाळलं आहे, कारण जे बिघडलं त्यात कंपनीचा हात नव्हता.

मालकाची आधीची गाडी हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगची होती. तिच्यात बिघाड दिसायचा तरी: तेल गळायचं, पट्टा ओरडायचा, पंप कुरकुरायचा. नव्या गाडीत इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग: तेल नाही, पंप नाही, पट्टा नाही. डॅशबोर्डच्या खाली, स्टेअरिंगच्या कॉलमवरच एक मोटर बसवलेली. चार वर्षं तिच्याकडे कुणी बघितलंही नाही, आणि बघायची गरजही पडली नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. दोन महिने गाडी उभीच. या मोकळ्या वेळात मालकाने रिवाजाप्रमाणे कामं उरकून घेतली. हौद्याला दोन ठिकाणी वेल्डिंग, खाऱ्या पाण्याने खाल्लेल्या चेसिसला घासून काळा रंग, समोर दोन जादा एलईडी दिवे आणि मागे कॅमेरा. यातलं प्रत्येक काम योग्यच होतं. पुढची गोष्ट त्यांतल्या एकामुळे घडली, पण ते कळायला महिना गेला.

अडचण

ऑगस्टमध्ये हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात जेटीवर गाडी मागे घेताना स्टेअरिंग जड झालं. डॅशबोर्डवर स्टेअरिंगच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागला. चालकाने चावी बंद करून पुन्हा चालू केली. दिवा गेला, स्टेअरिंग हलकं. मग ती सवयच पडली. जेटीवर, बाजारात, पेट्रोल पंपावर कुठेही जड झालं की चावी बंद, चावी चालू.

मालकाच्या कानावर घातलं तर त्याने टायरवाल्याकडे पाठवलं. पुढच्या चाकांत हवा कमी निघाली, ती भरली. व्हील अलाइनमेंट केली. हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतं हे खरंच आहे, त्यामुळे इलाज चुकीचा म्हणता येणार नाही. पण हवेने जड झालेलं स्टेअरिंग चावी फिरवून हलकं होत नाही, आणि हवेसाठी तो दिवाही लागत नाही. इथे पहिला धागा हातातून सुटला.

खरी जाग आली ती आंबा घाटात. कोल्हापूरहून परत येताना, रात्रीचा पाऊस, उतारावर एका वळणात पुढे ट्रक अडकलेला. पिकअप त्याच्या बाजूने रांगत काढायची होती. हेडलाइट, जादा दिवे, वायपर, काचेवरची वाफ घालवायला ब्लोअर, सगळं चालू. स्टेअरिंग जवळजवळ पूर्ण कापलेलं असताना पॉवर गेली. चालकाने दोन्ही हातांनी जोर लावला, जरा ॲक्सिलरेटर दिला, आणि त्याच क्षणी पॉवर परत आली. लावलेल्या जोराने चाक हवं त्याहून जास्त फिरलं आणि गाडीचा पुढचा कोपरा गटाराच्या कडेला गेला. लागलं कुणालाच नाही. चालक नंतर म्हणाला, "मिस्त्री, जड झाली तर सांभाळता येते हो. एकदम हलकी होते तेव्हा जीव जातो."

हे वाक्य स्कॅनर (गाडीने नोंदलेले बिघाड वाचणारं यंत्र) दाखवतो त्या कुठल्याही कोडपेक्षा जास्त सांगत होतं.

ही यंत्रणा चालते कशी

निर्णय कुठे चुकले ते समजायला आतलं थोडं माहीत हवं.

स्टेअरिंगचा दांडा एकसंध नसतो. मध्ये एक बारीक स्टीलची सळई असते, टॉर्शन बार. चालक चाक फिरवतो तेव्हा खालची बाजू टायरच्या विरोधामुळे थोडी मागे राहते आणि ही सळई अगदी थोड्या अंशांनी पिळली जाते. तो पीळ टॉर्क सेन्सर मोजतो. किती पीळ आणि कुठल्या बाजूला, एवढं ईसीयूला, म्हणजे स्टेअरिंगच्या छोट्या कॉम्प्युटरला, कळलं की तो गाडीचा वेग बघतो आणि मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवतो. उभ्या गाडीत भरपूर मदत, हायवेच्या वेगात अगदी थोडी, नाहीतर स्टेअरिंग हातात तरंगायला लागेल. मोटरची ताकद वर्म गिअरमधून दांड्यावर येते आणि तिथून नेहमीसारखी रॅककडे, म्हणजे पुढची चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याकडे, जाते.

महत्त्वाची गोष्ट अशी की चाकांपर्यंतची लोखंडी जोडणी कधीच तुटत नाही. पॉवर गेली तरी गाडी वळते, फक्त जोर लागतो.

१९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत कॉलमवरची इलेक्ट्रिक पॉवर आणली. पिकअपला ती उशिरा मिळाली, कारण पुढच्या धुरावरचं वजन पेलायला कॉलमवरची मोटर कमी पडते. अमेरिकेतल्या फोर्ड एफ-१५० ला २०११ च्या मॉडेलपासून ती मिळाली, तीही मोटर कॉलमवर नव्हे, थेट रॅकवर बसवून. पट्टा आणि बॉल-नटमधून ती रॅकला ढकलते. आपल्याकडच्या लहान पिकअपचं पुढचं वजन त्या मानाने कमी, त्यामुळे कॉलमवरच्या मोटरवर भागतं. कॉलम कॅबिनच्या आत असल्याने पाणी-चिखल मोटरपर्यंत पोचत नाही, हा कोकणात मोठा फायदा. पण त्या मोटरला वीज पुरवणाऱ्या वायरी आणि अर्थिंग, म्हणजे चेसिसमधून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी जोडणी, मात्र बाहेर, चेसिसवर, सगळ्या खाऱ्या पाण्यात असतात.

आता विजेचा हिशोब. सरळ रस्त्यावर ही मोटर जवळपास काही ओढत नाही. उभ्या गाडीत स्टेअरिंग लॉकपर्यंत, म्हणजे शेवटच्या टोकापर्यंत, कापलं की मात्र एकदम ४०-५० अँपिअर, मोठ्या गाड्यांत त्याहून बरंच जास्त. म्हणजे इंजिन चालू असतानाच्या सर्वांत मोठ्या भारांपैकी एक नेमका अशा वेळी पडतो, जेव्हा इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता, चालू असतं आणि इंजिनवर फिरणारा अल्टरनेटर सर्वांत कमी वीज बनवत असतो. कमी पडेल ते बॅटरीने द्यायचं. व्होल्टेज खाली गेलं, साधारण ९ ते १० व्होल्टच्या आसपास, की ईसीयू मदत कमी करतो किंवा बंद करतो आणि दिवा लावतो. व्होल्टेज सावरलं की मदत परत येऊ शकते. घाटात चालकाने ॲक्सिलरेटर दिल्यावर नेमकं हेच झालं.

हा प्रकार फक्त आपल्या रस्त्यांवरचा नाही. २०१७ मध्ये जनरल मोटर्सने २०१४ च्या सिल्व्हराडो आणि सिएरा १५०० पिकअप परत बोलावल्या, सुमारे ८ लाख. तक्रार हीच: कमी वेगात वळताना स्टेअरिंगची मदत क्षणभर जाते आणि अचानक परत येते. पुढच्याच वर्षी २०१५ च्या मॉडेलसाठी तसंच करावं लागलं. तिथे उपाय सॉफ्टवेअर बदलण्याचा होता, आपल्या गाडीत कारण वेगळं निघालं. पण मदत परत येण्याचा धोका दोन्हीकडे सारखाच.

पहिला गॅरेज आणि हरवलेला कोड

घाटातल्या प्रसंगानंतर मालकाने गाडी ओळखीच्या गॅरेजात लावली. मिस्त्रीने आधी बॅटरीचं टर्मिनल काढून अर्धा तास ठेवलं, 'रीसेट' म्हणून. मग स्कॅनर लावला. कोड आला स्टेअरिंगच्या सेन्सरचा. सेन्सर कॉलममध्येच असतो, सुटा मिळत नाही, म्हणून अख्खा कॉलम बदलायचा. मोटर आणि ईसीयूसह अंदाज ३५ ते ४० हजार, मजुरी वेगळी.

इथे दोन गोष्टी एकात एक गुंतल्या. या गाडीत बॅटरी तोडली की स्टेअरिंगचा मध्यबिंदू पुसला जातो आणि तो पुन्हा शिकवेपर्यंत सेन्सरचा कोड येतो. म्हणजे ज्या कोडवरून कॉलम बाद ठरला, तो गॅरेजातच जन्मला होता. आधीचे कोड काय होते ते कुणी वाचलं नव्हतं. वाचले असते तर कमी व्होल्टेजचा कोड तिथे नक्कीच दिसला असता, कारण गाडी नंतर आमच्या वर्कशॉपला आल्यावर जेटीवरच्या दोन फेऱ्यांतच तो पुन्हा नोंदला गेला.

समोर असलेले पर्याय

गाडी आमच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या वर्कशॉपला आली तेव्हा मालकाच्या मनात तीन वाटा होत्या.

नवा कॉलम घेणं ही पहिली. पैसे जातील पण डोक्याला ताप नाही, असं त्याला वाटत होतं. दोष पुरवठ्यात असेल तर नवी मोटरही तशीच उपाशी राहणार, हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

दुसरी वाट भंगारातल्या कॉलमची, निम्म्याहून कमी पैशांत. त्यात अडचणी तीन: ईसीयूतलं सॉफ्टवेअर त्याच मॉडेलचं हवं, वर्म गिअर किती झिजला ते बाहेरून दिसत नाही, आणि तो कॉलम कधी पाण्यात गेला होता का हे विकणारा सांगत नाही. २०२१ चा चिपळूणचा पूर मालक विसरला नव्हता. ही वाट त्याने स्वतःच बंद केली.

तिसरी वाट चालकाने सुचवली आणि ती ऐकून आम्ही थांबलो. स्टेअरिंगचा फ्यूजच काढून टाकायचा. "निदान एकसारखी जड तरी राहील." त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या पॉवरपेक्षा कायम गेलेली पॉवर अंदाजाची असते. जुन्या बिनपॉवरच्या पिकअप सगळे चालवायचेच की. पण त्यांच्या स्टेअरिंगचं गुणोत्तर वेगळं असायचं. चाक जास्त फिरवावं लागायचं, जोर कमी लागायचा. या गाडीचं गुणोत्तर मदत गृहीत धरून ठरवलेलं, शिवाय बंद मोटरही गिअरसकट हाताने फिरवावी लागणार. भरलेल्या गाडीने आंबा घाटातली वळणं अशी रोज काढणं म्हणजे खांदे आणि नशीब दोन्ही पणाला लावणं. दुरुस्ती होईपर्यंत एखाद-दुसरी सपाट फेरी ठीक, कायमचा उपाय नाही.

आम्ही चौथी वाट मांडली: काहीही बदलायच्या आधी वीज मोटरपर्यंत पोचते का ते बघायचं. मालक लगेच तयार झाला नाही. हंगाम ऐन भरात, गाडी एक दिवस उभी म्हणजे एक दिवसाची मासळी दुसऱ्याच्या गाडीत. शेवटी ठरलं की सकाळी गाडी येईल आणि संध्याकाळच्या भरणीआधी सुटेल.

तपासणी

सुरुवात विजेने नाही, जॅकने केली. पुढची दोन्ही चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. कोकणात कॉलमच्या खालचा युनिव्हर्सल जॉइंट गंजून धरतो आणि लोक मोटरला दोष देतात. इथे चाक सगळीकडे सारखं फिरलं, अडकणं नाही. म्हणजे लोखंड ठीक.

मोटर तापल्यामुळे मदत कमी होते का, हाही विचार केला. जेटीवर पुढे-मागे बरंच होतं, आणि पुन्हा पुन्हा लॉकपर्यंत कापलं की ईसीयू मोटर वाचवायला करंट उतरवतो. पण ती मदत हळूहळू कमी होत जाते. ही पहिल्याच वळणाला, झटक्यात जात होती. तो संशय सोडला.

मग मल्टिमीटर. आयडलवर, काही न फिरवता बॅटरीवर १३.६ व्होल्ट, चांगलं. स्टेअरिंग लॉकला दाबून धरलं तेव्हा क्लॅम्प मीटरवर ४८ अँपिअरच्या आसपास, बॅटरीवर १२.४, पण स्टेअरिंगच्या ईसीयूच्या कनेक्टरवर फक्त १०.२. मधले २.२ व्होल्ट कुठे गेले? पॉझिटिव्ह वायरीत ०.३. बॅटरीचा निगेटिव्ह आणि ईसीयूचं अर्थिंग यांच्यात १.९.

हे वळण सगळ्यात शिकण्यासारखं. मालकाने विचारलं, "अर्थिंग तर गॅरेजवाल्याने तपासलं होतं, बझर वाजला होता." वाजणारच. वाट जोडलेली असली की मल्टिमीटरचा बझर वाजतो. बॅटरी आणि चेसिसमधला विरोध ०.०४ ओहम होता. मीटरला तो शून्यच दिसतो, बझर खुशाल वाजतो. पण ०.०४ ओहममधून ४८ अँपिअर नेले की १.९ व्होल्ट तिथेच खर्च होतात. मोठ्या करंटची वाट बझरने तपासता येत नाही. भार चालू ठेवून दोन टोकांमधले व्होल्ट मोजावे लागतात. चांगल्या अर्थिंगवर ते ०.२ च्या आत असावेत.

चेसिसवरची अर्थिंगची पट्टी खोलली. जुलैत रंग मारताना ती सोडली होती आणि रंग वाळल्यावर परत कसली होती, थेट नव्या काळ्या रंगावर. बोल्टच्या आट्यांतून जेवढा करंट जात होता तेवढाच. त्याच बोल्टवर जादा दिव्यांचं अर्थिंगही टाकलेलं. पट्टीचं टोक कापून पाहिलं तर तारांमध्ये हिरवट भुकटी. क्रेटमधून ठिबकणारं मिठाचं पाणी वर्षानुवर्षं तिथूनच जातं.

केलेली कामं आणि निकाल

बोल्टच्या जागेचा रंग उघड्या धातूपर्यंत घासला, जाड तांब्याची नवी पट्टी नीट दाबलेल्या लग्जसह (टोकाच्या धातूच्या कड्या) बसवली, वरून पेट्रोलियम जेली. जादा दिव्यांचं अर्थिंग वेगळ्या जागी नेलं. पुन्हा मोजलं: अर्थिंगवर ०.१, कनेक्टरवर १२. मग स्कॅनरने स्टेअरिंगचा मध्यबिंदू शिकवला आणि सेन्सरचा कोड गेला. सामान आणि मजुरी मिळून खर्च दोन हजारांच्या आत राहिला. गाडी संध्याकाळी जेटीवर होती.

प्रकरण इथे संपलं असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. दहा-बारा दिवसांनी पहाटे कोल्हापूरच्या बाजारात दिवा पुन्हा लागला. एकदाच. सगळे दिवे, वायपर, ब्लोअर चालू, इंजिन आयडलवर. मालकाचा फोन आला तो "कॉलमच गेला होता ना शेवटी" असा सूर लावूनच.

या वेळी अर्थिंग जसंच्या तसं चांगलं होतं. पण सगळा भार चालू ठेवून स्टेअरिंग कापलं की खुद्द बॅटरीवरच व्होल्टेज ११ च्या खाली घसरत होतं. बॅटरी सोडवून लोड टेस्ट केली, म्हणजे मोठा भार देऊन तपासली, तर ती कमकुवत निघाली. दोन महिने न चालवता उभी राहिलेली बॅटरी हळूहळू उतरते आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या प्लेटा सल्फेटने धरतात. इंजिन सुरू करण्यापुरती ती जिवंत होती, म्हणून कुणाला संशय आला नाही. नवी बॅटरी टाकली, जादा दिवे रिलेवरून (विजेवर चालणारा स्विच) घेतले. आयडलवर सगळा भार असताना स्टेअरिंग लॉकला धरलं तरी व्होल्टेज साडेबाराच्या खाली जाईना. त्यानंतर उरलेला हंगाम दिवा लागला नाही. कॉलम तोच आहे.

काय वेगळं करता आलं असतं

टायरवाल्याकडे जाण्याआधी चालकाला एक प्रश्न विचारायला हवा होता: जड होतं तेव्हा आणखी काय काय चालू असतं? जेटी, बाजार, घाटातलं ते वळण, सगळीकडे उत्तर एकच आलं असतं: गाडी जवळजवळ उभी, इंजिन आयडलवर, दिवे लावलेले. रिकाम्या गाडीतही होतं, म्हणजे मालाच्या वजनाचा संबंध नाही, हेही तिथेच कळलं असतं.

गॅरेजने टर्मिनल काढण्याआधी कोड वाचून मोबाइलवर फोटो काढायला हवा होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महाग पडू शकणारा अर्धा तास तोच.

पहिल्याच दिवशी बॅटरीची लोड टेस्ट व्हायला हवी होती. अर्थिंगचा दोष इतका ठळक सापडला की तपासणी तिथेच थांबली, आणि गाडी सुटण्याची घाई होतीच. त्या दिवशी १३.६ वरून १२.४ वर आलेला बॅटरीचा आकडा कागदावर लिहिलेला होता. त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघायला कुणाला सवड झाली नाही. उलट, दोन्ही कामं एकाच दिवशी केली असती तर दोष रंगाचा किती आणि बॅटरीचा किती हे वेगळं कळलं नसतं, हेही मान्य करायला हवं. मालकाला अर्थात त्यात रस नाही.

बंदीच्या काळासाठी मालकाने आता दोन नियम केलेत. चेसिस रंगवताना अर्थिंगच्या जागांना टेप लावायची, आणि वेल्डिंगआधी बॅटरीचा निगेटिव्ह सोडायचा, कारण वेल्डिंगचा करंट ईसीयूतून वाट काढू शकतो. उभ्या गाडीची बॅटरी महिन्यातून एकदा चार्ज करायची हे आम्ही सांगितलं. ते तो करेल की नाही, बघू.

चालकाशी झालेलं बोलणं मात्र उशिरा झालं, आणि ते पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. पॉवर गेली तर झटका मारून चाक ओढायचं नाही. ब्रेकवर वेग मारायचा, दोन्ही हातांनी चाक घट्ट पण सावकाश धरायचं, पॉवर कुठल्याही क्षणी परत येईल असं धरून चालायचं. शक्य असेल तिथे गाडी थांबवायची आणि चावीला हात लावायचा तो गाडी पूर्ण उभी राहिल्यावरच. रांगत्या गाडीत चावी बंद करून चालू करण्याची त्याची सवय घाटात कधीतरी ब्रेकला मदत करणारं व्हॅक्यूमही घेऊन गेली असती, कारण इंजिन बंद झालं की त्याचा पंपही थांबतो. हे त्याला तोपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं.